मस्की पकडायचाय? आधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटात मस्कीचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाचा, हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि सोमवारी संध्याकाळपासून मला फोन यायला लागतात. मंडळी आपलीच, मिनियापोलिस-सेंट पॉलकडची. दोन-तीन उन्हाळे वॉलाय हा इथला छोटा मासा पकडून हात बसलेला असतो आणि आता मस्की हवा असतो. तक्रार ठरलेली: "दोन दिवस फेकतोय, मासा नुसता मागे येतो आणि होडी बघून निघून जातो." उत्तरही ठरलेलं आहे. चौदा वर्षं तेच सांगतोय, म्हणून आता लिहूनच टाकतो.

इकडे याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. आकडा शब्दशः घेऊ नका, पण दोन दिवसांत मिळालाच पाहिजे हा हट्ट घरी ठेवून या.

लुअर (नकली आमिष) होडीपाशी आलं की उचलून घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपल्यापैकी बरेच जण खाडीत गरी टाकून मोठे झालेले. गरी काठाला आली की ओढून घ्यायची हे हातात मुरलेलं असतं. मस्की आमिषामागे वीस-तीस फूट शांतपणे पोहत येतो आणि घ्यायचं की नाही हे कितीदा शेवटच्या वावभर पाण्यात ठरवतो. नेमकं तेव्हाच आपण लुअर उचलतो.

म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढायचा. इंग्रजी आठचा, आपला ८ नाही. दोन्हीकडे बंद गोल वळण हवं. रॉडच्या टोकापासून लुअरपर्यंत हातभर अंतर ठेवा. वळणं मोठी घ्या, कारण चार फुटी मासा जागच्या जागी वळू शकत नाही आणि अरुंद वळणावर लुअर त्याच्या नजरेतून सुटतं. वेग कुठेही पडू देऊ नका, वळणावर उलट किंचित वाढवा.

एकदा पुण्याहून पुतण्या आला होता. त्याला लीच लेकवर नेलं, जुलैचा शेवट होता. सकाळपासून सांगत होतो, प्रत्येक फेकीला आठ काढ. पहिले तीन तास त्याने मनापासून काढले. मग, "काका, मागे काहीच नाहीये, दिसतंय की मला," म्हणून सोडून दिलं. रात्री पावणेनऊला सूर्य टेकला तेव्हा त्याने काळं बकटेल (फिरत्या पात्यांचं झुपकेदार लुअर) होडीपासून फूटभर अंतरावर पाण्याबाहेर काढलं आणि त्याच जागी पाणी फुगून वर आलं. आधी रुंद पाठ दिसली, मग शेपूट. पन्नास इंचांच्या खाली नक्कीच नव्हता. पोराने थरथरत्या हातांनी लुअर पुन्हा पाण्यात सोडलं, पण मासा गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्याने एकही आठ चुकवला नाही. मासा परत दिसला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. मला अजून वाईट वाटतं, कारण मी त्याला दुपारीच पुन्हा बजावायला हवं होतं.

दिसत नाही म्हणजे मागे नाही, असं धरून चालू नका. वाऱ्याने पाणी गढूळतं, संध्याकाळी पृष्ठभागावर फक्त आकाश दिसतं. पोलराइज्ड चष्मा घाला, पण त्याच्यावरही पूर्ण विसंबू नका. आणि आठमध्ये मासा लागला तर रॉड वर खेचू नका, लुअर तोंडातून निसटतं. त्याच्या शेपटीच्या दिशेने आडवा झटका द्या आणि लगेच ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, थोडा सैल करा, कारण दोघांमध्ये हातभरच दोर उरलेला असतो.

एकच लुअर सगळ्या हंगामाला

दुकानदार जे भडक, मोठं लुअर दाखवतो तेच जूनमध्येही फेकायचं आणि ऑक्टोबरातही, हे मी फार पाहतो. जूनमध्ये मासा अंडी घालून थकलेला असतो, उथळ खाडींच्या आसपास रेंगाळतो. तेव्हा पाच-सहा इंचांचं लहान बकटेल, संथ ओढ. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापलं की तो कॅबेज नावाच्या पाणगवताच्या कडेला आणि खडकाळ उंचवट्यांवर येतो. आता दहा नंबरच्या दोन पात्यांचं बकटेल वेगात ओढा, संध्याकाळी टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं लुअर. सप्टेंबरात गवत मरायला लागतं. जिथे अजून हिरवं आहे तिथेच थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा-बारा इंचांचं रबरी आमिष किंवा जर्कबेट (झटके देत ओढायचं लुअर) घ्या आणि मध्ये थांबत थांबत ओढा. हे थांबणं घाईच्या माणसाला जमत नाही, आणि थंड पाण्यात मासा बहुतेक त्या थांब्यावरच घेतो. त्याच सुमारास सिस्को मासे अंडी घालायला खडकाळ उतारांवर येतात आणि मोठ्या माद्या त्यांच्या मागे असतात. मिल लॅक्स तळ्यावर मिळालेला ५५ पौंडांहून जड असा राज्यविक्रमी मस्की २०२१ च्या नोव्हेंबरातला आहे. बहुतेकांच्या होड्या तोवर शेडमध्ये गेलेल्या असतात.

जाळं, पक्कड, कटर नंतर घेऊ म्हणणं

इथे माझा आवाज चढतो, आणि कारण माझी स्वतःची चूक आहे. माझा तिसरा हंगाम होता. व्हर्मिलियन तळ्यावर ऑगस्टमधली दुपार, पाण्याचं तापमान ८१ फॅरनहाइट, म्हणजे सत्तावीस अंश सेल्सिअसच्या वर. ४७ इंची मासा लागला. तिहेरी गळाची दोन टोकं कल्ल्याजवळ रुतलेली. माझ्याकडे वॉलायची छोटी पक्कड होती, गळ तोडायचं कटर नव्हतं. सहा-सात मिनिटं धडपडलो, त्यात दोनदा फोटोसाठी उचलला. सोडला तेव्हा तो उलटा झाला. तासभर पाण्यात हात घालून त्याला सरळ धरून ठेवला. मग तो मेला. मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, त्यामुळे घरी नेण्याचाही प्रश्न नव्हता. दहा वर्षांहून मोठा जीव मी सीगलांसाठी सोडून आलो.

गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. कितीही सांभाळून सोडा, ८० फॅरनहाइटच्या वर तो तुमच्यासमोर पोहत जाईल आणि तरी नंतर तळाशी मरू शकतो. मी ७८ ला मस्कीचे रॉड आवरतो आणि बास मासे पकडायला जातो. लांबून गाडी चालवून आलोय, हे कारण मला सांगू नका.

होडीत या गोष्टी हव्यातच: रबराचा लेप असलेलं खोल, मोठं जाळं, लांब नाकाची पक्कड आणि बोल्ट कटर. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि काम तिथेच. गळ सुटत नसेल तर सरळ कापा. नवा गळ दोन डॉलरला मिळतो. फोटो हवा तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा आडवा, पोटाखाली हात देऊन धरा, जबड्याने कधीच लटकवू नका. मासा उचलताना मी स्वतःचा श्वास रोखतो. मला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात जातो.

बाकीच्या, थोडक्यात

वॉलायचा रॉड आणि बारीक दोर नको. ८० पौंडी ब्रेड (विणलेला दोर) आणि लुअरच्या आधी १३० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (जाड दोराचा तुकडा) लावा, नाहीतर दोर तुटून लुअर माशाच्या तोंडात राहतं.

टॉपवॉटरवर पाणी उसळलेलं दिसताच झटका देऊ नका. वजन हाताला लागू द्या.

नव्या पाकिटातले गळही कानशीने धारदार करा. नखावर घसरला तर तो बोथट आहे.

पाईक या मस्कीसारख्याच दिसणाऱ्या माशाला मस्की समजू नका. खालच्या जबड्याखाली प्रत्येक बाजूला सहा किंवा जास्त छिद्रं असली तर मस्की, पाच किंवा कमी असली तर पाईक.

पहिल्याच वर्षी हजारो डॉलरचं लाइव्ह सोनार घेऊ नका. पडद्यावर मासा शोधणाऱ्याला गवत, वारा, उतार काहीच वाचता येत नाही, आणि पडदा बंद पडला की तो तळ्यावर अनोळखी होतो. दोन हंगाम डोळ्यांनी बघा, मग घ्या.

आणि मागे येऊन परतलेल्या माशावर तासभर फेकत बसू नका. जागा नोंदवा, निघा, आणि सूर्यास्ताला किंवा चंद्र उगवताना परत या. ज्या दगडापाशी पुतण्याचा मासा गेला तिथे मी पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो होतो, चंद्र वर येत असताना. तिसऱ्या फेकीला, आठच्या दुसऱ्या वळणावर, ५१ इंची मादी लागली. मोजली, सोडली, आणि होडीतूनच पुण्याला फोन लावला.