एन्टूम्डसारखी गिटार हवी? मिक्सच्या आधीची तयारी

स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत निर्माते टोमास स्कोग्सबर्ग यांनी घडवलेला, एन्टूम्ड या स्वीडिश डेथ मेटल बँडच्या ‘लेफ्ट हँड पाथ’ अल्बमचा (1990) करवतीसारखा गिटारचा आवाज मिक्समध्ये शोधून सापडत नाही, तो रेकॉर्डिंगलाच पकडावा लागतो. म्हणून सुरुवात रेफरन्सपासून, म्हणजे तुलनेसाठीच्या मूळ रेकॉर्डिंगपासून करा. अल्बमची लॉसलेस फाइल वेगळ्या ट्रॅकवर घ्या, ती मास्टरच्या प्लगइनमधून जाणार नाही हे बघा आणि तिची पातळी उतरवून आपल्या मिक्सच्या बरोबरीला आणा. हे राहिलं की रेफरन्स नुसता मोठा म्हणून भारी वाटतो आणि आपण उगाच ट्रेबल चढवत बसतो.

तारा नव्या आणि खालच्या ट्यूनिंगला पेलतील इतक्या जाड हव्यात. प्रत्येक टेकआधी पुन्हा ट्यून करा. डावी-उजवी गिटार सुरातून किंचित जरी हलली तरी पॉवर कॉर्ड गढूळ होतात. कोरा डीआय सिग्नल (पेडल-अँपशिवाय थेट गिटारचा) 24 बिटमध्ये, पीक −12 डीबीएफएसच्या (0 म्हणजे डिजिटल कमाल पातळी) आसपास ठेवून घ्या. नंतर तो पेडलमध्ये पाठवायचा तर मध्ये रीअँप बॉक्स (सिग्नल गिटारच्या पातळीला उतरवणारा) लागतोच, कारण ऑडिओ इंटरफेसचं आउटपुट पेडलला जास्त तगडं पडतं.

आता मुख्य गोष्ट, बॉस एचएम-2 हे डिस्टॉर्शन पेडल. लेव्हल, कलर मिक्सचे लो आणि हाय, डिस्टॉर्शन, चारही नॉब पूर्ण उजवीकडे. हाय नॉब 1 किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग प्रचंड उचलतो आणि तो उठाव तसाच अँपच्या इनपुटवर आदळतो. खरी धार इथे येते. अँपनंतर ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवण्या-कापण्याचं साधन) तेवढेच डेसिबल वाढवून ती मिळत नाही. अँपचा गेन मात्र कमी, जेमतेम क्रंचपुरता, म्हणजे आवाज हलकाच फाटेल इतका. दोन्हीकडे गेन ठासला तर पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) एकमेकांत मिसळून जातात. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारा) डीआयच्या सिग्नलवरून चालवा. पेडलनंतर सूर आणि खरखर जवळपास एकाच पातळीला येतात, तिथे गेटला फरक कळत नाही.

प्रत्येक रिफ दोनदा वाजवून घ्या, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी केला तर आवाज मध्येच राहतो, आणि कॉपी काही मिलिसेकंद सरकवली तर मोनोमध्ये पोकळ होतो.

एकटी गिटार ऐकून ती बारीक वाटली तर घाबरून तळ वाढवू नका. 80-90 हर्ट्झखालचं कापूनच टाका. ते वजन बास गिटारने द्यायचं आहे. त्यासाठी बासचे दोन ट्रॅक करा: 200 हर्ट्झच्या खालचा स्वच्छ, घट्ट कॉम्प्रेस केलेला, वरचा डिस्टॉर्शनमधून. दोन्ही एकत्र लावल्यावर तळ गायब झाला, तर अँप प्लगइनच्या विलंबाने फेज (दोन ट्रॅकच्या लहरींची जुळणी) बिघडली आहे. वेव्हफॉर्म जवळून बघून एक ट्रॅक सरकवा, तरीही भरलं नाही तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. फेज जुळल्याशिवाय ईक्यूला हात लावू नका.