फिनाईलचा वास सुटला म्हणजे जंतू मेले असं नाही: गुरांच्या कोठ्यातल्या या चुका टाळा

मागच्या भादव्यात आमच्या म्हशीच्या मागच्या डाव्या सडाला दगडी, म्हणजे कासेची सूज, धरली. सड गरम, कास टणक, दुधात दह्यासारख्या कण्या. दवाखाना अकरा किलोमीटरवर आणि वरून पावसाची झड लागलेली. घरात गुडघे चोळायला आणलेलं निलगिरीचं तेल होतं. निलगिरी जंतू मारते हे कुठंतरी वाचलेलं. कापसाचा बोळा त्यात बुडवला आणि सरळ सडावर फिरवला.

पाच मिनिटांत म्हशीनं बादली उडवली. शेजारचे काका कुंपणापलीकडून ओरडले, "काऊन गा, काय लावलं तिले? नाचून राह्यली ना ते!" सकाळी पाहतो तर सडाची कातडी सोललेली. दगडी तशीच, वर भाजल्याची जखम. चांगल्या तीन सडांचं दूध वेगळं काढून केंद्रावर नेलं, तर तेही परत आलं. झाकण उघडताच निलगिरीचा भपकारा! दूध वास ओढून घेतं, हे त्या दिवशी खिशातून पैसे गेल्यावर कळलं.

वनस्पतींची तेलं निरुपयोगी नाहीत आणि फिनाईल, ब्लीचिंगही नाहीत. आपण ती लावतो कुठं, किती आणि कशावर, तिथं घोळ होतो.

निव्वळ तेल कातडीवर

निलगिरी, लवंग, ओवा, गवती चहा, मेळघाटातल्या तिखाडीचं म्हणजे रोशा गवताचं तेल, ही सगळी उडून जाणारी तेलं. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, रोशात जिरॅनिऑल. ही द्रव्यं जंतूच्या पेशीचं बाहेरचं पातळ आवरण फाडतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि जंतू मरतो. पण जनावराची कातडी, सडाची नाजूक त्वचा, डोळ्याचा पडदा यांच्या पेशींनाही आवरण असतंच. तेलाला माणूस, म्हैस आणि जंतू यातला फरक कळत नाही. कडक तेल तिघांनाही सारखंच लागतं.

म्हणून ही तेलं पातळ करूनच लावायची. माझं माप असं: सुई काढलेल्या सिरिंजनं 1 मिली तेल मोजायचं आणि ते 100 मिली तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात मिसळायचं. म्हणजे 1 टक्का. झाकणानं, चमच्यानं, अंदाजानं मोजायचं नाही. आधी मांडीवर रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. सूज किंवा लाली दिसली तर ते तेल त्या जनावराला नाही. दुभत्या जनावराच्या कासेजवळ उग्र वासाचं तेल धार काढण्याआधी तर मुळीच नको. मेच्या दुपारी, पारा 45 वर असताना, अंगावर तेल फासू नका. संध्याकाळ बरी.

पाण्यात तेलाचे थेंब टाकून बाटली हलवली की मिसळलं, ही समजूत फार पसरलेली आहे. तेल पाण्यात मिसळत नाही. दोन मिनिटांत ते वर तरंगतं. पंपाची नळी तळातून ओढते, म्हणजे आधी नुसतं पाणी उडतं आणि शेवटी एखाद्या जनावराच्या पाठीवर निव्वळ तेलाची पिचकारी बसते. फवारायचंच असेल तर आधी तेल थोड्या द्रव साबणात घोटून घ्या, मग हळूहळू पाणी घाला. पाणी दुधाळ झालं आणि वर तवंग आला नाही तर जमलं.

कडूनिंबाचं आणि करंजाचं तेल या रांगेतलं नाही. ते घाण्यातून निघणारं जड तेल आहे, उडत नाही. त्याचा गुण वेगळा, माप वेगळं. निंबतेलासाठी ऐकलेलं माप लवंगेच्या तेलाला लावलं तर जनावराचं भाजून निघेल.

सडाच्या आत काहीतरी सोडणं

इथं मी कडक बोलणार आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ओव्याचं तेल जंतू मारतं, हे खरं. पण दगडीचे जंतू बशीत नसतात. ते कासेच्या आत खोल, दुधाच्या नळ्यांमध्ये असतात. वरून चोळलेलं तेल तिथं पोचत नाही. मग काही जण सिरिंजनं सडाच्या भोकातून हळदतेल, लिंबूरस, तुरटीचं पाणी आत सोडतात. त्यानं नळी भाजते, बाहेरचे नवे जंतू आत जातात आणि पुष्कळदा ते सड कायमचं बसतं. शिवाय ई. कोलायसारख्या जंतूंना जादा बाहेरचं आवरण असतं, त्यांच्यावर या तेलांचा जोर कमीच चालतो. आत सोडायचं औषध डॉक्टरनं दिलेलंच, निर्जंतुक नळीतलं. त्यांनी सांगितलेले दिवस दूध विकायचं नाही.

घरगुती उपाय करायचाच तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो करा: 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम विझवलेला चुना वाटून लेप करायचा. कास धुऊन, पूर्ण पिळून, तो लेप पाणी घालून पातळ करत दिवसातून आठ-दहा वेळा, निदान 5 दिवस लावायचा. लोक दोनदा लावतात आणि "काही फरक नाही पडला" म्हणतात. आमच्या म्हशीला डॉक्टरांच्या औषधासोबत हा लेप चालला.

दगडी लवकर ओळखायला कपडे धुण्याच्या पावडरचं 3 टक्के पाणी करून ठेवा, म्हणजे 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम. वाटीत तेवढंच दूध घालून फिरवा. शेंबडासारखं घट्ट झालं तर आत सूज आहे, मग दूध डोळ्याला कितीही चांगलं दिसो.

धार काढून झाल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. त्या वेळी जनावर शेणात बसलं की संपलं. 0.5 टक्के आयोडीनच्या पाण्यात सड बुडवा आणि गव्हाणीत कुटार (वाळला चारा), ढेप टाका. खाताना ते उभंच राहतं. आमच्याकडं उलटं चालायचं: ढेप आधी, धार मागून. फक्त हा क्रम बदलला आणि दगडी पुष्कळ कमी झाली.

शेणावर फिनाईल

सकाळी शेण ओढलं न ओढलं की वरून फिनाईलचं पाणी मारायचं, ही गावोगावची रीत. वास सुटतो आणि मन निवतं. पण शेण, मूत, रक्त, कुटाराचा चोथा यांच्यातच जंतुनाशकाची ताकद खर्ची पडते, खालच्या जंतूपर्यंत काही पोचत नाही. ब्लीचिंगचं तर याहून वाईट.

क्रम असा हवा. शेण पूर्ण खरवडा, पाण्यानं धुवा, मोरीकडं निथळू द्या, जमीन जराशी सुकू द्या. मग जंतुनाशक ओता आणि निदान अर्धा तास तसंच राहू द्या. लगेच झाडू मारून काढलं तर ओतलेलं वाया. मातीच्या जमिनीवर कोणतंही जंतुनाशक अर्धवटच चालतं. तिथं वरची चार बोटं माती काढून नवा मुरूम टाकणं जास्त कामाचं.

पांढरं फिनाईल बहुधा पाइनच्या तेलाचं असतं, तेही वनस्पतीचंच तेल. काळं फिनाईल दगडी कोळशाच्या डांबरातून आलेलं, जास्त जोराचं. काळ्याच्या डब्यावर ग्रेड आणि आरडब्ल्यूसी नावाचा आकडा असतो. आकडा मोठा तर जोर जास्त. पाण्यात टाकताच दोन्ही दुधाळ होतात, त्या रंगावरून ताकद ठरत नाही. आणि काळं फिनाईल मांजरीला विषासारखं आहे. ओल्या जमिनीवरून ती चालते, पंजे चाटते आणि संध्याकाळी लाळ गाळत पडते. जमीन सुकेपर्यंत मांजर-कुत्रं बाहेर ठेवा.

मिसळामिसळ तर कधीच करू नका. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मूत साचलेल्या बंद कोठ्यात ब्लीचिंग मारलं तरी डोळे चुरचुरतात, छाती भरते, कारण मुताच्या अमोनियाशी ते वायू करतं. जनावरं बाहेर बांधा, दारं उघडी ठेवा, मूत आधी धुऊन काढा. सॅव्हलॉनसारख्या औषधाचं साबणाशी जमत नाही. साबणानं हात धुतले तर तो पूर्ण निघेपर्यंत धुवा, नाहीतर दोघं एकमेकांना मारतात.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास दुप्पट. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, आणि अशा पाण्यात क्वाटर्नरी अमोनियमची जंतुनाशकं (सॅव्हलॉनमध्ये असतं त्या जातीची) ढिली पडतात. औषध कालवायला शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी घ्या.

सगळ्या रोगांना एकच डबा

तोंडखुरीच्या म्हणजे लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला फिनाईल आणि क्वाटर्नरी औषधं फारशी लागत नाहीत. त्याला आम्ल किंवा अल्क (सोड्यासारखं), कोणतंच टोक सोसत नाही. धुण्याचा सोडा 4 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. 0.2 टक्के सायट्रिक ॲसिडही चालतं. बाजारातून आलेल्या माणसाच्या चपला, गाडीची चाकं, गव्हाण, दावणीचे दोर, सगळ्यांना सोडा. जनावराच्या तोंडात मात्र नाही.

लम्पीचा विषाणू वेगळा, त्याला वरून चरबीचं आवरण असतं. त्याला 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, 2 टक्के फिनॉल चालतं. 2022 मध्ये लम्पीची मोठी साथ आली, जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा लोक घाबरून फिनाईलचं पाणी जनावरांच्या अंगावरच मारत होते. गाठी फुटलेल्या कातडीवर! ते जमिनीचं औषध आहे. लम्पी पसरवतात माश्या, डास, गोचीड. रोशाचं किंवा करंजाचं पातळ तेल अंगाला लावलं तर ते काही तास लांब राहतात, पण दुपारनंतर पुन्हा लावावं लागतं. गळून पडलेल्या खपल्या वेचून जाळा. वाळक्या खपलीत विषाणू 35 दिवसांपर्यंत टिकतो.

आणि एखादं जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर फिनाईल, तेल, चुना काहीही शोधू नका. कातडं काढू नका, चिरू नका. काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका घ्या आणि जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या हेल्पलाइनवर फोन लावा. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

ताकद गेलेलं औषध

ब्लीचिंगची थैली तोंड उघडून उन्हाळाभर कोठ्याच्या पत्र्याखाली ठेवली तर पोळ्यापर्यंत आत नुसती पांढरी भुकटी उरते. वास उग्र नसेल तर टाकून द्या. कळीचा चुना हवेनं विझून शेवटी खडू होतो. भिंतीला रंग येईल, जंतू मरणार नाहीत. ताजा चुना मात्र ओल्या जमिनीवर फेकून त्यावर जनावर बसवलं तर कास भाजते. आयोडीनचा तपकिरी रंग उन्हात फिका पडला की ताकद गेली समजा. लवंग, निलगिरीची तेलं काचेच्या गडद बाटलीत ठेवा. पातळ प्लास्टिक ती खातात.

लाल औषधाचं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं, तर रोजच चुकतं. खडे तसेच जखमेवर दाबतात, तिथं कातडी काळी पडते. 10 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, फिकट गुलाबी, खडा पूर्ण विरघळलेला, एवढंच पाहिजे. वेळेवर करायचं. पाणी तपकिरी झालं की ते संपलं.

नाळ आणि आसड्या

वगार किंवा गोऱ्हा जन्मला की नाळेवर शेण, राख, माती लावायची रीत आमच्या आजीच्या वेळेपासून आहे. त्यातूनच धनुर्वात आणि सांध्यांची सूज येते. पोव्हिडोन आयोडीन लहान वाटीत घ्या आणि लोंबती नाळ त्यात पूर्ण बुडवा. नुसतं वरून शिंपडू नका. दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस, दर वेळी ताजं औषध.

जखमेत आसड्या, म्हणजे माशीच्या अळ्या, पडल्या की लोक पेट्रोल, फिनाईल ओततात. किडे बाहेर येतात, पण चांगलं मांस जळतं, जखम पसरते आणि तिसऱ्या दिवशी तिथंच नव्या माश्या बसतात. खोबऱ्याच्या तेलात कापूर विरघळवून फक्त पहिल्या दिवशी बोळा भरा, किडे वर आले की चिमट्यानं एकेक काढा. आत एकही ठेवायचा नाही. मग मिठाच्या पाण्यानं धुवा, लिटरला 9 ग्रॅम. माश्या पळवणारं तेल जखमेच्या भोवती लावा, आत नाही, आणि ते चाटू देऊ नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात. सीताफळाचा पाला वाटून लावतात, तोही चालतो, पण बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. पाटा-वरवंटा पोरांच्या हाती देऊ नका.

वावराचा पंप कोठ्यात

कपाशीवर मारलेला पंप धुतला असं म्हणून त्यातूनच कोठ्यात जंतुनाशक मारलं जातं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजुरांचे जीव गेले, ते विष किती कडक असतं हे आपण विसरलो नाही. टाकीच्या तळात, नळीत, नोझलात ते चिकटून राहतं. दोन-चार पाण्यानं निघत नाही. गव्हाणीवर उडालं की जनावर ते चाटतं. लाळ, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर तासाचाही उशीर नको. वापरलेल्या औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा.

आमच्या कोठ्यातला पंप वेगळा आहे. त्याच्या टाकीवर लाल ऑइलपेंटनं 'ढोरं' लिहिलंय. मागच्या पेरणीला वावरातला पंप बिघडला, तेव्हा पोरगं तोच उचलून निघालं होतं. माईनं दारातून हाक मारली, "ठेव तो खाली, बाप्पा. तो ढोराईचा हाय." त्या दिवशी फवारणी झाली नाही.