सेन्सर बदलला, तरी चेक इंजिन लाईट परत येते

कोन फिल्टर, हेडर (इंजिनाला लागून असलेली बदललेली एक्झॉस्टची नळी) आणि रीमॅप (ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, बदललेली सेटिंग) झालेल्या पेट्रोल गाडीत एकच कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक, पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुसरा सेन्सर विकत आणण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. सेन्सर मेलाय असं स्कॅनर सांगत नाही. त्या सर्किटमधून येणारं व्होल्टेज ईसीयूला पटत नाही, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सरखेरीज वायरी असतात, कपलर असतो, अर्थ असतो आणि ईसीयूकडून येणारा ५ व्होल्टचा पुरवठा असतो. मॉडिफाय करताना सगळ्यात जास्त ओढाताण होते ती याच गोष्टींची.

कोड लगेच पुसू नका. पुसला की त्याच्यासोबतचा फ्रीझ फ्रेमही, म्हणजे दोष आला त्या क्षणीचे इंजिनचे आकडे, जातो, आणि खरा पुरावा तोच असतो. आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, वेग हे चार आकडे लिहून ठेवा. कोड खड्ड्यांच्या रस्त्यावर कधीही येत असेल तर वायर किंवा कपलर सैल आहे. इंजिन तापल्यावर, ट्रॅफिकमध्ये उभं असतानाच येत असेल तर हेडरच्या उष्णतेकडे बघा.

मग कोडचा प्रकार ओळखा. इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचंच उदाहरण घ्या. पी०१०७ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१०८ म्हणजे फार वर. इथे आधी वायर तपासायची. पी०१०६ म्हणजे सिग्नल मर्यादेत आहे, पण थ्रॉटल आणि आरपीएमशी जुळत नाही. हा बहुतेक वेळा मॉडिफिकेशनचाच परिणाम असतो. एकाच वेळी दोन-तीन सेन्सरचे कोड आले, विशेषतः सोबत पी०६४१ असेल, तर ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा बसलाय. की ऑन ठेवून त्या लाईनवर मीटर लावा आणि मॅप, थ्रॉटल, एसी प्रेशर सेन्सर असे एकेक कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

मोजमाप कपलर जोडलेला ठेवून, मागून बारीक पिन घालून करा. इन्सुलेशनला भोक पाडू नका. पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं. रेफरन्स (५ व्होल्ट पुरवणाऱ्या) वायरवर ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. सेन्सरच्या अर्थ वायरवर, बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त नको. हे मोजताना इंजिन चालू, हेडलाईट चालू आणि रेडिएटर फॅन फिरत असला पाहिजे. सगळं बंद ठेवून मोजलेला अर्थ नेहमी चांगलाच दिसतो. शेवटी इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात मीटर लावून स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब आहे.

मॉडिफाय केलेल्या गाडीत हाच मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो. इंजिन उतरवलं, पुन्हा बसवलं आणि अर्थची पट्टी रंगवलेल्या ब्रॅकेटवर आवळली किंवा लावायचीच राहिली. मग स्टार्टरचा करंट मिळेल त्या बारीक वायरीतून वाट काढतो आणि सेन्सरचं शून्य हलतं. ब्लॉकपासून चॅसिसपर्यंत आणि बॅटरीपर्यंत १६ स्क्वेअर मिमीची केबल टाका. दोन्ही टोकांना थिंबल क्रिंप करा आणि बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. अॅम्प्लिफायरचा अर्थ ईसीयूच्या अर्थच्या बोल्टवर कधीही आवळू नका.

नंतर इंजिन आयडलला ठेवून, लाईव्ह डेटा बघत वायरिंग हलकं हलवा. आकडा उडी मारेल तिथे दोष आहे. हेडरपासून वायरिंग किमान १० सेमी लांब ठेवा, जमत नसेल तिथे ग्लास फायबर स्लीव्ह चढवा. कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग अजून फिरताहेत. वापरलेलं वायरिंग किंवा इंजिन घेतलं असेल तर कपलरच्या पिनांवर हिरवा थर आहे का बघा. वायर सोलून आत काळं तांबं निघालं तर चमकतं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर डाक नीट धरत नाही.

मॅप सेन्सरची सोपी परीक्षा आपल्या शहरातच आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून की ऑन, इंजिन बंद असताना मॅपचा आकडा ९४-९५ किलोपास्कल यायला हवा. १०१ आला तर सेन्सर किंवा त्याचं टेबल (व्होल्टेजवरून दाब ठरवणारी ईसीयूमधली यादी) चूक आहे, कारण तो आकडा कोकण किनाऱ्याचा झाला. टर्बोसाठी ३ बारचा सेन्सर लावला आणि टेबल १ बारचंच राहिलं, तर इथे ३०-४० दिसेल. नैसर्गिक हवा घेणाऱ्या इंजिनात गरम आयडलला ३० ते ४० ठीक. मोठी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकली असेल तर ५० सुद्धा नैसर्गिक आहे, आणि पी०१०६ त्यामुळेच येतो. तिथे सेन्सर नाही, टेबल बदलायचं.

मॅफ, म्हणजे आत येणारी हवा गरम तारेने मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत गणित वेगळं. मूळ नळी ६० मिमीची आणि नव्या इनटेकची ७० मिमीची असेल, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढ्याच हवेचा वेग तारेजवळ कमी होतो आणि ईसीयूला जवळपास २७ टक्के हवा कमी दिसते. पेट्रोल तितकंच कमी पडतं. फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांची दुरुस्ती) साधारण +२५ ला अडकतो आणि पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी) येतो. आयडल आणि २५०० आरपीएम, दोन्हीकडे ट्रिम सारखाच चढलेला असेल तर कारण हे. आयडलला +२० आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर मॅफच्या पुढे कुठेतरी हवा गळतेय. लोडवर वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर बघा. कापडी फिल्टरला तेल जास्त लागलं असेल तर तार मॅफ क्लीनरनेच धुवा. कार्ब्युरेटर क्लीनर तिथे वापरू नका.

कूलंट सेन्सर दोन मिनिटांत निकाली निघतो. कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपास दिसलं पाहिजे. कपलरच्या दोन वायरी जोडल्या की आकडा १३० च्या वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी हेडरचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण खोटंच लीन दिसतं. फ्लँज वाकलं असेल तर शिवाजी उद्यमनगरात फेसिंग करून घ्या, सिलिकॉन थापू नका. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सर निकामी करते. वायर वाढवायची असेल तर क्रिंप करा. बऱ्याच सेन्सरना तुलनेची हवा वायरीच्या आतून मिळते, डाक दिला की ती वाट बंद होते. कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकल्यामुळे आलेला पी०४२० हा दोष नाही, ईसीयू खरं बोलतोय. शिवाय ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही. कॅट परत बसवा.

हलकं फ्लायव्हील टाकल्यावर पी०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) आला तर दातांची संख्या जुन्याशी मोजून जुळवा आणि सेन्सरची फट फीलर गेजने बघा. साधारण ०.५ ते १.५ मिमी चालते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि गाडी तीन प्रकारे चालवा: सकाळी थंड स्टार्ट, कागलच्या दिशेने हायवेवर एकसारख्या वेगाने वीस मिनिटं, आणि पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये लोड देऊन. बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच लाईट पेटते, म्हणून पहिल्या दिवशी लाईट बंद राहिली यावर समाधान मानू नका. पेंडिंग कोड, म्हणजे नोंदलेले पण अजून लाईट न पेटवलेले कोड, वाचा. तिथेही तोच कोड दिसला आणि वायरिंग वरच्या मोजमापात पास झालं असेल, तर ट्यूनरकडे आरपीएम, मॅप किंवा मॅफ, दोन्ही (शॉर्ट आणि लाँग) फ्यूएल ट्रिम आणि कूलंटचा लॉग न्या. इनटेकचा व्यास, इंजेक्टरचा आकार आणि कॅमचा नंबर लिहून द्या. कोड नुसता बंद करून देतो म्हणाला तर नको म्हणा. टेबल दुरुस्त करून घ्या.