फोस्टर केअरमधून दत्तक घेतलेल्या मुलाचा आरोग्य विमा: अमेरिकेतल्या पालकांनी काय, कधी करावं

अमेरिकेत फोस्टर केअरमधलं, म्हणजे सरकारी देखरेखीखाली तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवलेलं, मूल घरी येतं तेव्हा मेडिकेडचं (सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड बहुधा त्याच्यासोबतच येतं. दत्तकविधान झालं की ‘आता आपल्या कंपनीचा विमा आहे, हे कशाला’ म्हणून ते सोडून देऊ नका. माझ्या मते दोन्ही ठेवावेत.

१. कोर्टाच्या अंतिम आदेशाआधी करार. ॲडॉप्शन असिस्टन्सचा, म्हणजे दत्तक पालकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, करार आदेशापूर्वी सही होऊन हातात हवा. तो ‘टायटल फोर-ई’ या केंद्रीय कायद्याच्या तरतुदीखाली आहे की राज्याच्या पैशांतून, हे केसवर्करला (मुलाचं प्रकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) स्पष्ट विचारा, कारण पुढचं बरंच काही यावर ठरतं. फोर-ई करार असेल तर मुलाला मेडिकेड मिळतंच, तुमचा पगार कितीही असो. दरमहा भत्ता नको असेल तर भत्त्याची रक्कम शून्य ठेवा, पण करार करा. तशा करारावरही मेडिकेड चालू राहतं. राज्याच्या करारात मेडिकेडचा उल्लेख आहे ना, ते ओळ न् ओळ वाचून पाहा.

२. नोकरीतला विमा. मूल दत्तक देण्यासाठी तुमच्याकडे सोपवलं त्या दिवसापासून ३० दिवसांत एचआरला कळवा. अंतिम आदेशाची वाट पाहायची गरज नसते. मुदतीत कळवलं तर संरक्षण त्या दिवसापासूनच धरलं जातं आणि आधीच्या आजाराचं कारण देऊन नाकारता येत नाही. विमा नोकरीतला नसून मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः घेतलेला, असेल तर मुदत ६० दिवसांची.

३. आधी कोण भरणार? आधी खासगी विमा, उरलेलं मेडिकेड. म्हणून शक्यतो दोन्ही स्वीकारणारे डॉक्टर निवडा आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही कार्डं दाखवा. खासगी विमा लपला तर क्लेम परत येतो. मेडिकेडची खरी ताकद वेगळीच आहे. त्यातल्या ‘ईपीएसडीटी’ तरतुदीनुसार २१ वर्षांखालील मुलाला वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे उपचार द्यावेच लागतात: दात, डोळे, श्रवणयंत्र, स्पीच थेरपी, मानसोपचार. लहानपणी खूप सोसलेल्या मुलाला कौन्सेलिंग किती वर्षं लागेल, हे आधी सांगता येत नाही. खासगी विम्याच्या ठरावीक भेटी संपल्या म्हणून ते मध्येच तुटू नये, यासाठीच मी दुसरं कार्ड ठेवा म्हणते.

४. नाव बदललं की लगेच कळवा. नवं आडनाव किंवा नवा सोशल सिक्युरिटी नंबर आला की मेडिकेड कार्यालय, विमा कंपनी, दवाखाना आणि औषधाचं दुकान, चारही ठिकाणी सांगा. एका जागी जुनं नाव राहिलं तरी बिलं अडकतात.

५. राज्य बदलताना. फोर-ई करारातल्या मुलाला नव्या राज्यातही मेडिकेडचा हक्क असतो. बहुतेक राज्यं ‘इकामा’ या आंतरराज्य करारात आहेत. सामान हलवण्याआधीच जुन्या राज्याच्या कार्यालयाला पत्ता आणि तारीख कळवा, म्हणजे कागद पुढे जातील. राज्याचा करार असेल तर नवं राज्य तो मानतं का, हे आधी विचारून घ्या. शेजारी राज्यांचे नियमही वेगळे असू शकतात.

खासगी विम्यात मूल २६ वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं. कराराचं मेडिकेड साधारण १८ला संपतं, काही मुलांचं २१पर्यंत चालतं. सतरावं लागलं की चौकशी सुरू करा. अर्ज नाकारला गेला किंवा मिळत असलेलं बंद झालं, तर पत्रावरची मुदत पाहून ‘फेअर हिअरिंग’ची, म्हणजे निर्णयाविरुद्धच्या सुनावणीची, मागणी लेखी करा आणि तिची प्रत कराराच्या फाइलमध्ये ठेवा.