ब्लीड, ट्रॅकिंग, वायरफ्रेम: दुकानात नव्या आलेल्या पोरांसाठी

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझं डिझाइनचं दुकान आहे. नवं पोरगं कामाला आलं की आधी लग्नपत्रिकाच हातात देतो.

पहिलं ब्लीड. रंग कडेपर्यंत हवा असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचा सोडायचा, कारण कटिंगला कागद थोडाफार सरकतोच. मी एकदा विसरलो. तीनशे पत्रिकांच्या कडेला पांढरी रेघ आली आणि नवरीच्या मामांनी भर दुकानात झापलं.

ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजीत ते वाढवलं की नाव ऐटदार दिसतं, म्हणून लेकरं मराठीलाही तेच करतात. मग ‘शुभविवाह’ची शिरोरेषा तुटते, मधेमधे दात पडल्यासारखी. देवनागरीत ट्रॅकिंग शून्यच ठेवा. लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, मात्र सढळ हातानं द्या. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो.

स्क्रीनचे रंग आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा; छपाईचे सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकटच येणार, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. फोटो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर डॉक्युमेंट म्हणून परत मागवा, नुसता फोटो पाठवला की दर्जा उतरतो.

वेबसाइटचं काम आलं तर आधी वायरफ्रेम, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा. पाया खोदायच्या आधी फक्की मारतात ना, तसं. रंग नाही, फोटो नाही, नुसते चौकोन. आडत दुकानाची साइट असेल तर शेतकरी उघडल्या उघडल्या काय शोधणार? सोयाबीनचा भाव. मग तो सगळ्यात वर, शेठचा फोटो खाली. हे झालं यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याची सोय. बटण हिरवं की निळं, ते यूआय, म्हणजे पडद्यावरचं रूप; त्यावर नंतर भांडू.