खत वाहिलं की हौदा त्याच दिवशी धुवा

छोटा हत्ती (टाटा एस) असो की बोलेरो पिकअप, हौदा म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग गंजायला सुरुवात होते ती त्यात अंथरलेल्या मॅटखाली. युरिया किंवा मिठाची गोणी फुटली की सांडलेले दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यात मुरतात. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी तर त्याहून वाईट, कारण ते खाली झिरपून चॅसी (गाडीचा सांगाडा), पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि ब्रेकच्या नळ्यांपर्यंत पोचतं.

म्हणून नुसता झाडू मारून भागत नाही. मॅट पूर्ण काढा, साध्या पाण्याने हौदा धुवा, मग पाईप गाडीखाली धरून पाट्यांवर आणि चॅसीच्या आतल्या बाजूने पाणी मारा. पाणी जायची भोकं चिखलाने किंवा कांद्याच्या सालपटांनी बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा. गाडी थोड्या उतारावर, फाळका (हौद्याचं मागचं झडप) उघडून उभी ठेवली की कोपऱ्यातलंही पाणी निघून जातं. प्रेशरचा फवारा मात्र वायरिंगच्या जोडांवर आणि चाकांच्या बेअरिंगवर थेट धरू नका.

हौदा खडखडीत वाळल्याशिवाय मॅट परत टाकायची नाही. रंग उडालेला दिसला तर पॉलिश पेपर घासून रेड ऑक्साईड (गंजरोधक लाल प्रायमर) लावा, वर रंगाचा हात द्या. पावसाळ्याच्या आधी हे झालंच पाहिजे.