या चुका टाळा: सी लायब्ररीतील सॉकेट आणि ‘कंपाइल झाले म्हणजे चालले’ हा समज

सॉकेटचा, म्हणजे प्रोग्रॅमने नेटवर्कवरून डेटा देण्या-घेण्याच्या जोडणीचा, इंटरफेस १९८३ मधील ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून आजवर फारसा बदललेला नाही आणि विंडोजच्या विनसॉक या सॉकेट लायब्ररीनेही बहुतेक फंक्शनांची नावे तीच ठेवली आहेत. घोळ नेमका इथेच होतो. नावे जुळत असल्यामुळे लिनक्सवर लिहिलेला कोड चार-दोन हॅश-डिफाइन (एका नावाऐवजी दुसरे घालणाऱ्या ओळी) टाकून दुसरीकडे कंपाइल करता येतो आणि घाईत असलेला नवशिका काम संपले असे समजून पुढच्या कामाला लागतो. इतरांच्या लायब्ररी तपासताना त्याच त्या चुका मला सतत दिसतात, म्हणून त्या इथे लिहून ठेवतो.

सिगपाइप, आणि शून्याची पळवाट

समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर आपण डेटा पाठवत राहिलो, तर युनिक्सच्या घराण्यातील प्रणाली प्रोसेसला सिगपाइप हा सिग्नल देतात आणि त्याची काही व्यवस्था केलेली नसेल तर प्रोसेस जागीच संपते. लिनक्सवर सेंड करताना एमएसजी_नोसिग्नल हा फ्लॅग दिला की सिग्नल येत नाही, फक्त ईपाइप ही त्रुटी मिळते. मॅकओएसच्या हेडरमध्ये हा फ्लॅग बराच काळ नव्हता. त्यामुळे कोड कंपाइल होईना, की लोक ‘फ्लॅग नसेल तर त्याची किंमत शून्य’ अशी ओळ लिहून मोकळे होतात. ही ओळ मी इतक्या लायब्ररींत पाहिली आहे की आता नवा कोड हाती आला की आधी तीच शोधतो.

अशाच एका लायब्ररीवर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमची तक्रार माझ्याकडे आली होती. लिनक्सवर तो सुरळीत चालत असे, मॅकवर मात्र मध्येच नाहीसा होई. लॉगमध्ये त्रुटी नाही, क्रॅश रिपोर्ट नाही. मेमरीत काहीतरी बिघडत असावे असे धरून सगळे सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी साधने) लावून झाले होते. शेवटी प्रोग्रॅम शेलमधून चालवून त्याचा एक्झिट कोड पाहिला, तो १४१ निघाला. सिग्नलने संपलेल्या प्रोग्रॅमसाठी शेल सिग्नलच्या क्रमांकात १२८ मिळवून दाखवतो; त्यातून १२८ वजा केले की १३ उरतात आणि १३ हा सिगपाइपचा क्रमांक आहे. दोष इतके दिवस लपून राहिला त्यालाही कारण होते: समोरची बाजू बंद झाल्यानंतरचा पहिला सेंड बहुधा यशस्वी होतो, त्याला उत्तर म्हणून रीसेट (कनेक्शन तुटल्याचा संदेश) येतो आणि सिग्नल त्यानंतरच्या सेंडला मिळतो. चाचण्यांमध्ये एकच सेंड होता, त्यामुळे त्या सगळ्या हिरव्या दिसत होत्या.

यावर सुचवलेला पहिला उपाय मूळ चुकीइतकाच वाईट होता: लायब्ररी सुरू होताना सिगपाइप सरळ दुर्लक्षित करून टाकायचा. लायब्ररी ही दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये पाहुणी असते. सिग्नलची व्यवस्था साऱ्या प्रोसेसची असते, आणि दुर्लक्षित केलेला सिग्नल एक्झेकनंतर (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चढवल्यावर) सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमलाही तसाच दुर्लक्षित मिळतो. हा निर्णय फक्त मूळ प्रोग्रॅमने घ्यावा. मॅकवर सॉकेट तयार झाल्याबरोबर, आणि अ‍ॅक्सेप्टमधून, म्हणजे आलेले कनेक्शन स्वीकारल्यावर, मिळालेल्या प्रत्येक सॉकेटवरही, मी एसओ_नोसिगपाइप हा पर्याय लावतो. लिनक्सवर सॉकेटसाठी राइट वापरतच नाही, कारण त्याला फ्लॅग देता येत नाही; नेहमी सेंड किंवा सेंडमेसेज वापरतो.

नॉन-ब्लॉकिंग कनेक्ट

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर कनेक्ट जोडणी होण्याची वाट न पाहता लगेच परत येते. ते अजून पूर्ण झालेले नाही हे युनिक्सवर ईइनप्रोग्रेस सांगतो, तर विनसॉक त्याच प्रसंगी डब्ल्यूएसएईवूडब्लॉक म्हणजे १००३५ देतो, आणि तोही एर्नो या नेहमीच्या त्रुटी-चलात नव्हे, तर डब्ल्यूएसएगेटलास्टएरर विचारल्यावर. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून विंडोजच्या एर्नो हेडरमध्येही ईवूडब्लॉक हे नाव आहे, पण तिथे त्याची किंमत १४० आहे. म्हणून १००३५ ची तुलना १४० शी करणारा कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि ती अट कधीच खरी ठरत नाही.

पुढचा अडथळा सिलेक्टचा, म्हणजे सॉकेट कधी तयार होतो याची वाट पाहणाऱ्या फंक्शनचा, आहे. कनेक्ट फसले तर युनिक्सवर सॉकेट लिहिण्यायोग्य म्हणून परत येतो आणि खरे कारण एसओ_एरर विचारल्यावर कळते. विंडोजवर मात्र फसलेले कनेक्ट अपवादांच्या संचात येते, त्यामुळे फक्त लिहिण्याचा संच पाहणारा कोड टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो. सिलेक्ट नको म्हणून त्याच कामाच्या डब्ल्यूएसएपोलकडे वळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपूर्वी ते फसलेले कनेक्ट कळवतच नसे.

माझी सवय अशी आहे की सॉकेटच्या प्रत्येक कॉलनंतर, लॉग लिहिण्याआधी आणि सॉकेट बंद करण्याआधी, त्रुटीचा क्रमांक स्थानिक चलात उचलून ठेवायचा आणि तो लायब्ररीच्या स्वतःच्या त्रुटीसंचात बदलून मगच पुढे द्यायचा. प्लॅटफॉर्मनुसार बदलणारे सारे इफडेफ (अटीनुसार कोड निवडणाऱ्या ओळी) एकाच फाइलमध्ये राहतात. ते बाहेर पसरू लागले की मी बदल परत पाठवतो.

बाकीच्या चुका

विंडोजवर सॉकेट हा प्रकार चिन्हरहित (कधीच ऋण न होणारा) आहे, त्यामुळे ‘शून्यापेक्षा लहान’ ही तपासणी तिथे निरर्थक ठरते. इनव्हॅलिड_सॉकेटशीच तुलना करावी. युनिक्सवर ० हा वैध डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा किंवा सॉकेटचा क्रमांक) आहे. कॅलॉकने शून्य केलेले स्ट्रक्चर तसेच ठेवले आणि सॉकेट तयार होण्यापूर्वीच काही फसले, तर साफसफाई करणारे फंक्शन ० म्हणजे वापरकर्त्याचा स्टँडर्ड इनपुट बंद करून टाकते.

विनसॉक सुरू करणाऱ्या डब्ल्यूएसएस्टार्टअपच्या प्रत्येक यशस्वी कॉलला ते बंद करणारा एक डब्ल्यूएसएक्लीनअप, ना कमी ना जास्त. जास्तीचा एक कॉल मूळ प्रोग्रॅमचे नेटवर्क बंद पाडू शकतो. डीएलएलमेनमधून (लायब्ररी लोड होताना विंडोज बोलावते त्या फंक्शनमधून) तर यांपैकी काहीही बोलावू नये.

एसओ_रियूजअ‍ॅड्र लिनक्सवर सर्व्हर लगेच पुन्हा सुरू करण्यासाठी लावतात. विंडोजवर त्याच पर्यायामुळे दुसरा प्रोग्रॅम चालू असलेल्या पोर्टवर येऊन बसू शकतो, म्हणून तिथे एसओ_एक्सक्लूझिव्हअ‍ॅड्रयूज लावावा.

सॉकेट फक्त आयपीव्ही६ पुरता ठेवणाऱ्या आयपीव्ही६_व्ही६ओन्लीची मूळ किंमत गृहीत धरू नये. विंडोजवर तो चालू असतो, लिनक्सवर सहसा बंद, आणि ओपनबीएसडीवर बंद करताच येत नाही. मी तो दरवेळी स्पष्ट लिहितो.

रिसीव्ह टाइमआउटला युनिक्सवर टाइमव्हॅल (सेकंद आणि मायक्रोसेकंदांचे) स्ट्रक्चर लागते, विंडोजवर मिलिसेकंदांचा पूर्णांक. पाच सेकंदांचे टाइमव्हॅल विंडोजला तसेच दिले, तर त्याचे पहिले चार बाइट वाचले जातात आणि टाइमआउट पाच मिलिसेकंदांचा होतो. संथ नेटवर्कवर कनेक्शन ‘उगाच तुटते’ अशी तक्रार फक्त विंडोजवरून येत असेल, तर मी आधी ही ओळ तपासतो.